एल मिराडोरची वाट: चिखल, पाणी आणि पाच दिवसांची तयारी

ग्वातेमालाच्या उत्तरेला, पेतेन प्रांतात, मेक्सिकोच्या सीमेजवळ एल मिराडोर हे माया संस्कृतीचं प्राचीन शहर जंगलाखाली झाकलेलं आहे. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांत ते भरभराटीला आलं आणि इ. स. १५० च्या सुमारास ओस पडलं. तिथे गाडीने जाता येत नाही. रस्ता कार्मेलिता या गावात संपतो आणि पुढे चालायचं. जाऊन-येऊन पाच दिवस, परतताना नाकबे या दुसऱ्या प्राचीन माया शहरामार्गे वळसा घेतला तर सहा. एका बाजूचं अंतर चाळीस किलोमीटरच्या थोडं पुढेमागे, आणि चढ जवळजवळ नाहीच.

कागदावर वाट सोपी दिसते, आणि तयारीत लोक चुकतात ते त्यामुळेच. हा सगळा टापू चुनखडीचा. पावसाचं पाणी खडकातून खाली निघून जातं, म्हणून चालताना नदी, ओढा, झरा काही लागत नाही. सखल पट्ट्यांत मात्र चिकणमातीचा जाड थर साचलेला आहे. तिथे पाणी मुरत नाही, नुसतं तुंबतं. या पट्ट्यांना तिथले लोक ‘बाहो’ म्हणतात. एकीकडे प्यायला पाणी नाही, दुसरीकडे पोटरीपर्यंत चिखल. या ट्रेकची सगळी तयारी या दोन गोष्टींभोवती करावी.

कधी जावं

फेब्रुवारी ते एप्रिल हा सर्वांत बरा काळ. मेच्या अखेरीस पाऊस सुरू होतो आणि वर्षाच्या शेवटापर्यंत बाहोंमध्ये पाणी राहतं. भर पावसाळ्यात काही ठिकाणी गुडघाभर चिखल असतो. सहा तासांची मजल दहा तासांवर जाते आणि खेचरंसुद्धा अडकतात. जानेवारीत हवा सुखाची असते, पण आदल्या महिन्यांचा पाऊस जास्त झाला असेल तर चिखल वाळलेला नसतो. तारीख पक्की करण्यापूर्वी कार्मेलिताला विचारूनच घ्या.

कोरड्या दिवसांचेही त्रास आहेत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. गोचिडी याच काळात सर्वांत जास्त. आणि चिखलात उमटलेले खेचरांच्या खुरांचे खड्डे वाळून दगडासारखे कडक होतात. घोटे मुरगळतात ते बहुतेक इथेच, दुपारनंतर, पाय उचलायचा कंटाळा आल्यावर.

कोणासोबत जावं

एकट्याने जाऊ नका. फाटे असंख्य आहेत, पानगळीत वाट पुसली जाते, आणि चुकलात तर पाणी नाही. कार्मेलिताची सहकारी संस्था वाटाड्या, स्वयंपाकी आणि खेचरवाला (तिथला शब्द ‘आरिएरो’) देते. आजूबाजूच्या जंगलाचा सांभाळही गावाकडेच आहे, त्यामुळे पैसा गावात राहतो आणि झाडं उभी राहतात. आम्ही तरी हाच मार्ग सुचवू. प्रांताचं मुख्य शहर फ्लोरेस, तिथल्या एजन्सीही सहल ठरवून देतात.

ठरवताना नेमकं विचारा: दरात जेवण, तंबू, मच्छरदाणी, पिण्याचं पाणी येतं का? माणशी किती किलो सामान खेचरावर चालेल? कोणी आजारी पडलं तर बसून परतायला जादा खेचर आहे का? शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि नेमका तोच महत्त्वाचा. गटात माणसं जितकी जास्त तितका माणशी खर्च कमी पडतो. पैसे केत्झालमध्ये रोख ठेवा. फ्लोरेस आणि शेजारच्या सांता एलेनानंतर एटीएम नाही. सांता एलेनाहून कार्मेलिता कच्च्या रस्त्याने तीन-चार तास, पावसात त्याहून जास्त.

वाटाडे बहुधा स्पॅनिशच बोलतात. निदान हे शब्द पाठ करा: आग्वा (पाणी), लोदो (चिखल), कुलेब्रा (साप), गारापाता (गोचीड), देस्पासिओ (हळू). शाकाहारी असाल तर ‘सिन कार्ने, सिन पोयो’ (मांस नको, कोंबडी नको) हे निघण्याच्या आदल्या दिवशी सांगा, कारण शिधा निघण्याआधीच खेचरावर चढतो. भात, काळा घेवडा, अंडी आणि मक्याच्या तोर्तिया यांवर पाच दिवस आरामात निघतात.

पायांत काय

वॉटरप्रूफ ट्रेकिंग बूट इथे चालत नाहीत. चिखल वरून आत शिरतो आणि आतलं पाणी बाहेर पडत नाही, मग दिवसभर पाय भिजत राहतात. ओला हंगाम असेल तर स्थानिक वापरतात तसे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घ्या. ते फ्लोरेसला मिळतात, पण मोठं माप सहसा नसतं. आतून जाड, लांब मोजे हवेत, नाहीतर पोटरी सोलवटते. कोरड्या दिवसांत जाळीचे, पाणी पटकन निथळणारे, खोल खाचांच्या तळव्याचे बूट पुरतात.

मोज्यांच्या तीन जोड्या घ्या आणि एक फक्त झोपण्यासाठी राखून ठेवा. ती जोडी काहीही झालं तरी चालताना घालायची नाही. ओले पाय रात्रभर सुकले नाहीत तर तळव्याची कातडी पांढरी पडून सुरकुतते, मग फाटते, आणि चौथ्या दिवशी पाऊल टेकवत नाही. मुक्कामी पोचताच पाय धुवा, पुसा, पावडर लावा. टाचेला किंवा अंगठ्याला नुसती चुणचुण जाणवली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर पट्टी लावून फारसा उपयोग होत नाही.

चिखलातून जाताना कडेकडेने जायचा मोह होतो. शक्यतो मधूनच जा. कडेला काटेरी झाडं असतात, आणि प्रत्येक जण कडेने गेला की वाट रुंद होत जंगल तुडवलं जातं. पाय रुतला तर सरळ वर ओढू नका. टाच हलवून आधी हवा आत जाऊ द्या, मग पाऊल मागे घेत काढा. दोन काठ्या असाव्यातच, त्यांच्या टोकांशी रुंद चकत्या लावलेल्या.

पाठीवर काय, खेचरावर काय

पाठीवर २० ते २५ लिटरची सॅक: तीन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, सुका खाऊ, पावसाचं जाकीट, हेडटॉर्च, शिटी, प्रथमोपचार, आणि एक कोरडा शर्ट पिशवीत बांधून. बाकी सगळं खेचरावर. खेचराच्या पाठीवर सामान घामाने भिजतं आणि झाडांवर घासतं, म्हणून जाड ड्राय बॅग हवी. नुसतं सॅकचं कव्हर पहिल्याच दिवशी फाटतं. औषधं, पासपोर्ट आणि फोन खेचरावर देऊ नका. खेचरं तुमच्यापुढे तासभर असू शकतात.

मुक्कामी तंबू छपराखाली लावतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत पहाटे चांगलाच गारवा असतो, त्यामुळे पातळ स्लीपिंग बॅग न्या. मार्चनंतर चादर पुरते. वाटेत वीज नाही आणि फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नका. पॉवर बँक मोठी घ्या. हेलिकॉप्टरने बाहेर काढण्याचा खर्च देणारा प्रवास विमाही उतरवा.

पाणी

चालण्याच्या दिवशी माणशी किमान चार लिटर, एप्रिलमध्ये पाच ते सहा. मुक्कामांवर मिळतं ते साठवलेलं पावसाचं पाणी, आणि कोरड्या हंगामाच्या शेवटी तेही तळाला गेलेलं असतं. अंघोळीसाठी बादलीभर मिळेल, तीही नेहमी नाही.

ते पाणी उकळून किंवा शुद्ध करूनच प्या. ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनचा फिल्टर जीवाणू आणि अमीबा अडवतो, विषाणू अडवत नाही. म्हणून आधी गाळून मग क्लोरीनची गोळी टाका आणि पाकिटावर लिहिलेला वेळ थांबा. क्रम उलटा केला तर गाळात क्लोरीन वाया जातं. उकळायचं झालं तर पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे.

पाणी कमी पिणं ही एक चूक. दुसरी याच्या अगदी उलट: घाम भरपूर गाळायचा आणि नुसतंच पाणी पीत राहायचं. शरीरातलं मीठ उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात. तहान म्हणून आणखी पाणी प्यायलं की प्रकृती बिघडते. दर दोन लिटरमागे ओआरएसचं एक पाकीट घ्या. पाकिटं संपली तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा). लघवी गडद पिवळी दिसली तर तुम्ही पाणी पिण्यात मागे पडला आहात असं समजा.

कीटक, झाडं, साप

गोचिडी हा रोजचा त्रास. निघण्याच्या आदल्या दिवशी पँट, मोजे, बूट आणि शर्टावर ०.५ टक्के परमेथ्रिन फवारून वाळवा. हे कपड्यांवरच, अंगावर नाही. उघड्या त्वचेला २० ते ३० टक्क्यांचं डीईईटी लावा, पण चष्मा, घड्याळ आणि फोनच्या प्लास्टिकपासून दूर ठेवा, ते वितळतं. कपडे फिक्या रंगाचे हवेत, गोचीड चढताना दिसते. पँट मोज्यांत खोचा. रोज संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यामागची घडी आणि कमरपट्ट्याची जागा तपासा. बारीक गोचिडींचा पुंजका एकदम चढला तर चिकटपट्टी दाबून उचला. चावलेली मोठी गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, काडेपेटी असले उपाय करू नका.

अंधार पडल्यावर सँडफ्लाय निघतात. त्या डासाहून कितीतरी लहान, साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून आत येतात. त्यांच्यामुळे लिशमॅनियासिस हा त्वचेवर व्रण आणणारा रोग होतो. या जंगलात चिकल, म्हणजे च्युइंगगमचा चीक, गोळा करणाऱ्यांच्या कानांवर याची व्रणं इतकी दिसायची की रोगाला त्यांचंच नाव पडलं. बारीक जाळीची, परमेथ्रिन लावलेली मच्छरदाणी आणि संध्याकाळी पूर्ण बाह्या, एवढं पाळा. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल निघण्यापूर्वी महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा.

तो चीक देणारं झाड म्हणजे आपलाच चिकू. वाटेत जुन्या खोडांवर तिरक्या खाचांची नक्षी दिसेल. चालता ती वाटही बऱ्याच ठिकाणी चीक गोळा करणाऱ्यांनीच पाडलेली आहे.

झाडांना हात लावू नका ही सूचना इथे अक्षरशः पाळायची आहे. एस्कोबो ताडाच्या खोडाला लांब काटे असतात. चेचेम या झाडाची साल काळ्या डागांची. त्याचा चीक लागला की दिवस-दोन दिवसांनी फोड उठतात. पावसात त्याच्या पानांवरून पडणारं पाणीही अंगावर घेऊ नका. लागलाच तर लगेच साबणाने धुवा, कपडेही, आणि तो हात डोळ्यांकडे नेऊ नका. घसरताना खोड धरायची सवय असते, म्हणूनही हातात काठ्या हव्यात.

साप म्हणजे मुख्यतः बार्बा आमारिया, पालापाचोळ्याच्या रंगाचा विषारी साप. आडव्या ओंडक्यावरून थेट पलीकडे पाय टाकू नका. आधी ओंडक्यावर उभं राहा, पलीकडे पाहा, मग उतरा. रात्री शौचाला जातानाही टॉर्च आणि बंद बूट. चावला तर अंगठी-घड्याळ काढा, अवयव न हलवता स्थिर ठेवा, रुग्णाला चालू देऊ नका आणि मदत मागवा. आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यांनी इजा वाढते. सकाळी बूट घालण्यापूर्वी झटका. विंचू आत बसतात.

पाच दिवसांची आखणी

पहिला दिवस कार्मेलिता ते एल तिंताल, साधारण वीस किलोमीटर. उजाडताच निघा, दुपारी दोनच्या आत पोचा. तिथल्या मोठ्या पिरॅमिडवर संध्याकाळी चढलात तर क्षितिजावर एक टेकडी दिसेल. ती टेकडी नाही, मिराडोरचा ला दान्ता पिरॅमिड आहे.

दुसरा दिवस थोडा लांब आणि बाहोंचा. अधूनमधून वाट उंच, सरळ बांधावर येते. हे मायांचे चुन्याने बांधलेले रस्ते, ‘साकबे’. काही ठिकाणी त्यांची रुंदी ४० मीटरपर्यंत आहे.

तिसरा दिवस मिराडोरलाच राहा. हा दिवस वाचवून लवकर परतणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. एल तिग्रे हा पिरॅमिड (५५ मीटर) छावणीजवळ, सूर्यास्ताला सोयीचा. ला दान्ता (चौथऱ्यांसह ७२ मीटर) लांब आहे. पहाटे साडेचारला निघालात तर वर उजाडतं. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला मेक्सिकोतलं कालाकमुल हे माया शहरही दिसतं. दुपारी मध्यवर्ती भागातलं चुन्याच्या गिलाव्यातलं शिल्प पाहा. ते २००९ मध्ये सापडलं आणि पोहणाऱ्या आकृत्यांमुळे पोपोल वूह या माया ग्रंथातल्या जुळ्या वीरांशी जोडलं गेलं. गिलावा बोटानेही शिवू नका. अवशेषांवर फिरताना काठ्यांना रबरी टोपणं लावा. लुटारूंनी खणलेल्या चरांत उतरू नका, कडा ढासळतात. खापराचा तुकडाही खिशात घालू नका.

बहुतेक इमारती अजून झाडांखाली आहेत, त्यामुळे ‘काहीच दिसत नाही’ असं वाटू शकतं. मोठ्या चौथऱ्यावर तीन उंचवटे शोधा: मधला मोठा, बाजूचे दोन लहान, समोरासमोर. ही मांडणी ओळखता आली की शहर उलगडायला लागतं. पाण्याचे बांधीव साठेही दाखवायला सांगा. नदी नसताना इतकी माणसं तिथे राहिली ती त्यांच्यावर, आणि बाहोतला गाळ वाहून आणून केलेल्या शेतांवर.

चौथा आणि पाचवा दिवस त्याच वाटेने परत. वळसा घ्यायचा तर चौथ्या दिवशी नाकबे, पाचव्या दिवशी ला फ्लोरिदा, सहाव्या दिवशी कार्मेलिता. नाकबे मिराडोरहूनही जुनं आणि शांत. पण त्या बाजूला मजल मोठी आणि वाट कमी तुडवलेली. पायांना फोड असतील तर आलेल्या वाटेनेच परता, आणि हा निर्णय तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वाटाड्यासोबत बसून घ्या, वाटेत नको.

परतल्यावर कपडे गरम पाण्यात धुवा आणि अंग पुन्हा एकदा नीट तपासा. एखादी पुळी हळूहळू मोठी होत असेल आणि आत हालचाल जाणवत असेल तर ती बॉटफ्लाय या माशीची अळी. पिळू नका, डॉक्टरांकडे जा. न दुखणारी जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, किंवा पुढच्या काही महिन्यांत थंडी वाजून ताप आला, तर तपासणीच्या वेळी पेतेनच्या जंगलात राहिल्याचं स्वतःहून सांगा.