इंग्लिश दुनाळींची जोडी: पारख आणि नागपूरच्या हवेतली निगा

इंग्लंडात हाकाऱ्यांनी उठवलेले पक्षी भराभर डोक्यावरून जायचे. एक बंदूक रिकामी झाली की मागे उभा असलेला माणूस भरलेली दुसरी हातात द्यायचा. बदललेली बंदूक हाताला कळू नये, एवढ्यासाठी जोडी घडवत. म्हणून जोडी घेताना तपासायचा तो सारखेपणा.

दोन्ही उघडा आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसतं त्या जागा, रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहा. मग रिब (दोन नळ्यांमधली पट्टी), लिव्हर (बंदूक उघडायचा खटका) आणि फोरएंडवर (नळ्यांखालचा लाकडी भाग) १ व २ हे आकडे शोधा, बहुधा सोन्यात जडवलेले असतात. अनुक्रमांक सहसा लागोपाठचे. नळ्या, ॲक्शन (बंदूक जिथे उघडते-मिटते तो मधला लोखंडी भाग) आणि फोरएंडचं लोखंड या तिन्हींवर तोच हवा. भोवतीची नक्षी झिजलेली आणि १-२ मात्र कोरेकरकरीत दिसले, तर जोडी नंतर जमवलेली असू शकते. दोन्ही तराजूवर ठेवा. बारा बोरची दुनाळी साधारण तीन किलोची. दोघींत तीसेक ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर कुणाचा दस्ता किंवा नळ्या बदलल्या का ते शोधा.

नळ्या सुट्या करून हुकाला टांगा आणि बोटाच्या पेराने हलकेच वाजवा. माठ घेताना वाजवतो तसंच: खणखणीत, लांबलेला नाद हवा. बद्द आवाज आला तर रिबचा कथलाचा जोड सुटलाय. कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत तर नळ्या काळ्या करून घेऊच नका, त्यात उरलेला जोडही जातो. मग फोरएंड काढून, नळ्या लावून बंदूक हलवा. खडखडली तर ॲक्शन ढिली आहे. नळीची जाडी कारागिराकडून मोजून घ्या. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेलेल्या नळीवर डेंट काढणंही धोक्याचं.

काडतुसाची चूक सगळ्यात महाग पडते. जुन्या चेंबर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिमीच्या. ७० मिमीचं काडतूस त्यात सहज बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. दमास्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या) नळीवर नायट्रो प्रूफचा, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासल्याचा, शिक्का नसेल तर आजचं काडतूस घालूच नका.

आता हवा. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, अक्रोडाचा दस्ता आकसतो, स्क्रू सैल वाटतात. ते आवळत बसू नका. पावसाळ्यात लाकूड पुन्हा फुगतं आणि तडा जातो. स्क्रूच्या खाचा बारीक असतात, बाजारातल्या पेचकसाने फाटतात. त्याहून घातक कूलर. बाहेर रखरखीत ऊन आणि खोलीत वाळ्याचा ओलसर वारा, अशा खोलीत कपाट असेल तर गंज उन्हाळ्यातच धरतो. कपाट दुसऱ्या खोलीत हलवा. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी नळ्या आतून कोरड्या पुसून तेलाचा पुसट हात द्या. बंदूक नळीचं तोंड खाली करून ठेवा, नाहीतर तेल ओघळून दस्त्याच्या मानेत मुरतं, लाकूड काळं पडून मऊ होतं. ओक-चामड्याची पेटी दिमाखाची खरी, पण तिचं अस्तर ओल धरून ठेवतं. पावसाळ्यात बंदुका तिच्यात नकोतच. दोघींचे फोरएंड एकाच वेळी काढून ठेवू नका. अदलाबदल झाली तर बसवताना जोर लागतो आणि हाताने बसवलेला जोड बिघडतो.

कागदपत्रांकडे वळा. चालू स्थितीतली बंदूक शंभर वर्षांची असली तरी परवाना लागतोच. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, म्हणजे जोडी घेतली की कोटा संपला. घरात आधीच तिसरी असेल तर तिची सोय आधी लावा. शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयात होतो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. विकायची असेल तर लेखी सूचना देऊन ४५ दिवस थांबावं लागतं. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, त्यामुळे नेमबाजी हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांपुरती.