अलिबाग की तारकर्ली? घरच्यांना घेऊन समुद्रावर जाताना या चुका टाळा

दोन किनाऱ्यांमधून एक निवडायचा म्हटलं की घरात आधी फोटो फिरतात. तारकर्लीचं पाणी निळंशार, अलिबागचं मातकट, झाला निर्णय. हाताशी शनिवार-रविवारच आहेत आणि मुंबईहून मालवण पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे, हे आठवतं तेव्हा गाडी पनवेलच्या पुढे गेलेली असते आणि मागच्या सीटवरून "अजून किती?" सुरू झालेलं असतं.

माझं मत स्पष्ट आहे. दोन रात्री असतील तर अलिबाग, चार असतील तर मालवण-तारकर्ली. तीन रात्री असतील तर घरातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात वयस्कर माणूस सलग किती तास बसू शकतं, त्यावर ठरवा. किनारा कुठला सुंदर, हा प्रश्न त्यानंतरचा.

किलोमीटर मोजले, तास मोजलेच नाहीत

मुंबईकरांसाठी अलिबागची खरी सोय पाण्यातून आहे. गेटवेहून मांडव्याला लाँच तासाभरात पोचते आणि पुढचे वीसेक किलोमीटर बसने किंवा रिक्षाने होतात. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्याहून रो-रो आहे, ती 2020 पासून सुरू आहे. तरीही लोक शुक्रवारी संध्याकाळी रस्त्याने निघतात आणि वडखळच्या गर्दीत अडकतात. 2024 मध्ये अटल सेतू झाल्यापासून मुंबईतून बाहेर पडणं सोपं झालं, पण सेतू वडखळपर्यंत जात नाही! पुणेकरांना अलिबाग साधारण 145 किलोमीटर पडतं. सकाळी लवकर निघालात तर जेवायला तिथे.

मालवणला रेल्वे स्टेशन नाही. कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवलीला उतरून पुढे गाडी करावी लागते. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर आहे. कोकणकन्या रात्री मुंबईहून सुटते आणि सकाळी कुडाळला सोडते. मुलं झोपेत प्रवास करतात, आजी-आजोबांना लोअर बर्थ मिळाला की तेही खूश. आरक्षण आता 60 दिवस आधीच उघडतं. दिवाळी किंवा नाताळची सुट्टी असेल तर त्याच सकाळी बसा, दुपारपर्यंत वेटिंग लागतं. आणखी एक ठरलेली चूक म्हणजे तुतारी एक्सप्रेस. ती दादरहून मध्यरात्री बारानंतर सुटते. शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. शुक्रवारचं काढलेलं सबंध कुटुंब प्लॅटफॉर्मवर बॅगांसकट उभं राहतं, कारण त्यांची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

पुण्याहून मालवणला जाताना कोल्हापूरनंतर घाट उतरावा लागतो, मग तो फोंडा असो वा आंबोली. गाडी लागणारं मूल असेल तर कोल्हापुरात तांबडा-पांढरा चापून घाट उतरू नका. एवढंच सांगतो.

"अलिबाग" लिहिलंय म्हणजे अलिबाग नव्हे

अलिबाग हा सबंध तालुका आहे. जाहिरातीतलं "अलिबाग" प्रत्यक्षात किहीम, सासवने, नागाव, आक्षी किंवा थेट रेवदंडाही असू शकतं. तारकर्लीचंही तसंच. खोली वायरीला निघते, नाहीतर देवबागला. देवबाग सुंदर आहे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. पण रस्ताही तितकाच चिंचोळा आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात समोरून एक बस आली की अर्धा तास गेलाच.

पैसे भरण्याआधी मालकाकडून लोकेशन मागवा आणि उपग्रह नकाशावर बघा. खोली आणि वाळू यांच्यामध्ये काय आहे, सुरूचं बन, दुसऱ्याची वाडी की रस्ता? पोचल्यावर खोली लांब निघाली तर भांडण्यात दिवस घालवू नका. एक रात्र तिथे काढा आणि सकाळी किनाऱ्यालगतच्या घरांमध्ये चौकशी करा. गर्दीचा आठवडा नसेल तर खोली मिळते.

भरती-ओहोटी न बघता निघणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि अलिबागला ती दुप्पट पडते. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात उधाणाला पाण्याची पातळी पाच मीटरच्या घरात वर-खाली होते, मालवण-गोव्याकडे जेमतेम दोन-अडीच मीटर. त्यामुळे तारकर्लीला समुद्र कधीही गेलात तरी साधारण जागेवर भेटतो. अलिबागला चुकीच्या वेळी गेलात तर पाणी दूर गेलेलं असतं आणि समोर ओली काळसर वाळू आणि खडक. "हा काय समुद्र आहे?" असं म्हणून मंडळी हिरमुसतात. समुद्र तिथलाच, वेळ चुकलेली.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, तो भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटे. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे नऊच्या आगेमागे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो आणि मालवणकडे भरती थोडी आधी येते. तंतोतंत वेळ मोबाइलवर मिळते, पण कॅलेंडरवरची तिथी बघून सहलीची तारीख ठरवायला हा हिशेब पुरतो.

आता अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याला तो लावून बघा. ओहोटीला तिथे चालत किंवा घोडागाडीने जाता येतं, भरतीला होडी लागते. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास असते, म्हणजे सकाळी उठून, पोहे खाऊन, अकराला निघणाऱ्या कुटुंबासाठी सगळ्यात वाईट दिवस. चतुर्थी-पंचमीची तारीख धरा, सकाळी आठ-साडेआठला किल्ल्यात शिरा आणि पाणी वाढायच्या आत परता. आत गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. तिथे वेळ जातो आणि घड्याळाकडे कुणाचंच लक्ष राहत नाही. उशीर झाला आणि मधल्या वाटेवर पाणी चढलं, तर गुडघाभर दिसतंय म्हणून मुलांना कडेवर घेऊन उतरू नका. होडीची वाट बघा.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी हा खेळ नाही, होडी घ्यावीच लागते. महाराजांनी 1664 च्या नोव्हेंबरमध्ये पायाभरणी केलेला हा किल्ला 48 एकरांवर पसरला आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी तटावरून सगळा फेरा मारायचा हट्ट सोडावा. शिवराजेश्वराचं देऊळ बघून सावलीत बसावं.

वाळूवर गाडी उतरवण्याचा मोह नागाव-काशिदला बऱ्याच जणांना होतो. गाडी रुतली तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका, चाकं आणखी खोल जातात. सगळ्यांना उतरवा, चाकांमधली हवा थोडी कमी करा, पुढची वाळू हाताने उकरा आणि चाकांखाली पायपुसणी सरकवा. भरती चढत असेल तर प्रयोग न करता लगेच गावातून ट्रॅक्टर बोलवा. ट्रॅक्टरवाला सांगेल ते पैसे द्या.

स्कूबासाठी मे महिना

मुलांना स्कूबा करायचंच असेल तर अलिबाग बाद, मालवण पक्कं. पण मे अखेरीस जलक्रीडा बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत. मेच्या शेवटच्या आठवड्यात जाऊन मुलांची निराशा करू नका. पाण्याखाली स्वच्छ दिसायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे. दहा वर्षांखालच्या मुलांना सहसा नेत नाहीत, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर मोठ्यांनीही जाऊ नये. बोटीत माणसं कोंबलेली दिसली किंवा लाइफ जॅकेट पुरी नसली तर आगाऊ पैसे सोडून द्या. मे 2022 मध्ये तारकर्लीलाच स्कूबाहून परतणारी बोट उलटली होती आणि दोन पर्यटकांचा जीव गेला होता.

पावसाळ्यात गेटवेची लाँचही बंद असते आणि कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं. पावसात जायचंच असेल तर अलिबाग, तेही रो-रोने, आणि समुद्र लांबून बघायचा.

राहिलं जेवण. दोन्हीकडे घरगुती ताट उत्तम, मालवणला तिखट जरा जास्त. 1 जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, तेव्हा जूनमध्ये सुरमई-पापलेटच्या आशेने जाऊ नका. घरात शाकाहारी असतील, किंवा कुणाची संकष्टी असेल, तर घरमालकिणीला आदल्या रात्री सांगा. काळ्या वाटाण्याची आमटी, घावणे, सोलकढी आणि उपासवाल्यांना वरीचे तांदूळ मिळतात. ऐन जेवणाच्या वेळी सांगितलंत तर पुढ्यात डाळ-भात येईल आणि चूक त्या माउलीची नसेल.