अनोळखी जोडीदारासोबत स्कूबा: बोटीवर या चुका टाळा

गोव्यातल्या ग्रँड आयलंडकडे निघालेल्या बोटीवर एकट्याने आलेल्या दोघांची जोडी लावून देतात आणि थोड्याच वेळात ते पाण्यात असतात. माणूस पारखायला तेवढाच प्रवास मिळतो.

पहिली चूक म्हणजे कार्ड बघून निर्धास्त होणं. ओपन वॉटर कार्डाची, म्हणजे स्कूबाच्या प्राथमिक प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची, मुदत संपत नाही. 5 वर्षांपूर्वी शिकून नंतर पाण्याला न शिवलेल्याकडेही ते असतं. म्हणून किती डाइव्ह झाल्या यापेक्षा शेवटची कधी आणि कुठे झाली, हे विचारा. सगळा अनुभव अंदमानच्या नितळ पाण्यातला असेल, तर सावध व्हा. गोव्याच्या गढूळ पाण्यात अनेकदा 3 ते 5 मीटरपलीकडचं दिसत नाही. लांबून एकमेकांवर नजर ठेवायची सवय इथे उपयोगाची नाही. हात लांबवला की जोडीदार लागला पाहिजे. पाण्यात खाली जाण्यासाठी कमरेला वजन किती लावता, हेही विचारा. सराव असलेला माणूस आधी सूट आणि सिलिंडर कोणतं ते विचारतो, मग किलो सांगतो.

खरी पारख होते ती साहित्य तपासताना, आणि नेमकी तीच उरकली जाते. बीसीडीत, म्हणजे तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटमध्ये, हवा भरून आणि सोडून बघा. वजनपट्ट्याचं बकल एका हाताने सुटतं ना, सिलिंडरचा पट्टा घट्ट आहे ना, तेही बघा. मग सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या गेजवर डोळा ठेवून जोडीदाराला रेग्युलेटरमधून (तोंडात धरून श्वास घेण्याच्या साधनातून) 3-4 श्वास घ्यायला सांगा. श्वासागणिक काटा खाली येऊन परत वर जात असेल, तर व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. बोटीवर श्वास घेताना हे जाणवत नाही. 10 मीटरवर मात्र दाब दुप्पट होतो, तेवढ्याच श्वासाला दुप्पट हवा लागते आणि जीव घुसमटतो. त्याच्या ऑक्टोपसमधूनही, म्हणजे जोडीदारासाठीच्या जादा रेग्युलेटरमधूनही, श्वास घेऊन बघा, कारण अडचणीत तो तुमच्याच तोंडात येणार आहे. "मी सगळं बघितलंय" म्हणून तुमचा हात बाजूला करणारा कितीही जुना डायव्हर असो, त्याच्यासोबत उतरू नका.

आकडे ठरवून घ्या: गेजवर 100 बार (हवेच्या दाबाचं एकक) दिसले की एकमेकांना खूण, पृष्ठभागावर येताना 50 बार शिल्लक. चुकामूक झाली तर 1 मिनिट शोधायचं, मग सावकाश वर. वर येताना इंजिनाचा आवाज ऐका. पर्यटकांच्या बोटी इथे सतत फिरतात. अंगठा वर म्हणजे "छान" नव्हे, "वर चला", आणि त्यावर पाण्याखाली वाद नाही, हेही बोलून घ्या.

उतरल्यावर पहिली 5 मिनिटं बघा. जोडीदार कॅमेरा घेऊन मागे न बघता पुढे जात असेल तर थांबवा, जवळ राहण्याची खूण करा. पुन्हा तेच केलं, तर अंगठा वर.

बोटीवरच शंका आली, तर संकोच करू नका. डाइव्हमास्टरला, म्हणजे गटाला पाण्याखाली नेणाऱ्याला, बाजूला घेऊन सांगा: "मला जोडी बदलून द्या, नाहीतर मी तुमच्यासोबत उतरतो."