लिस्बनवरून ट्रेनने सिंत्रा: नाशिककरांसाठी एका दिवसाचा प्लॅन

यंदा आपल्या इंदिरानगर, कॉलेज रोडकडच्या बऱ्याच फॅमिली स्पेन-पोर्तुगालला चालल्यात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, लिस्बनजवळच्या डोंगरातल्या सिंत्रा गावाचे राजवाडे बघायला गाइडेड टूर घ्यायची का आपापलं जायचं. माझं मत विचाराल तर ट्रेन आपापली पकडा आणि गाइड जिथं खरंच लागतो तिथंच घ्या.

आधी घरबसल्या करायचं काम म्हणजे पेना पॅलेसचं ऑनलाइन तिकीट. त्यावर जी वेळ असते ना ती राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या गेटची नाही, आणि गेटपासून वर चढायला अर्धा तास सहज जातो, त्यामुळे लोक धापा टाकत पोचतात आणि स्लॉट गेलेला असतो. सकाळचा पहिला स्लॉट घ्या आणि आठच्या आत ट्रेनमध्ये बसा.

ट्रेन रोसियू स्टेशनवरून सुटते. स्टेशनला घोड्याच्या नालेच्या आकाराचे दोन दरवाजे आहेत, चुकायचा प्रश्नच नाही. रिझर्व्हेशन वगैरे काही नसतं, साधारण 40 मिनिटं लागतात, सिंत्रा शेवटचं स्टेशन. तिकीट ज्यावर भरतात ते कार्ड मात्र प्रत्येकाचं वेगळं घ्यायचं, एकाच कार्डावर घरातले चौघं असं चालत नाही. आणि गर्दीत बॅग पुढं धरा.

स्टेशनबाहेर 434 नंबरची बस वर जाते. ती गोल फिरते, एकाच दिशेनं, म्हणून मूरांचा (उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिमांचा) किल्ला आधी आणि पेना नंतर लागतो. स्लॉट सकाळचा असेल तर सरळ पेनाला उतरा, किल्ला तिथून चालत जवळ आहे. गुडघे दुखणारे कोणी असतील तर चक्क टुकटुक पण मिळते.

पेनाला गाइड नको, आत लाइनीतच पुढं सरकायचं असतं. एवढंच माहिती असू द्या की 1755 च्या भूकंपात मोडकळीला आलेला मठ राणी मारिया दुसरीच्या नवऱ्यानं, फर्नांदोनं, 1838 मध्ये विकत घेतला आणि त्यावर हा लाल-पिवळा राजवाडा चढवला. डोंगर म्हणाल तर सगळ्यात उंच टोक 528 मीटर, आपल्या ब्रह्मगिरीच्या निम्मंही नाही, पण समुद्र जवळ असल्यानं भर उन्हाळ्यात पण धुकं येतं, जॅकेट ठेवाच.

गाइडचे पैसे खाली गावात वसूल होतात. गावातल्या जुन्या राजवाड्याच्या स्वयंपाकघराला 33 मीटरच्या दोन पांढऱ्या चिमण्या आहेत, आणि इथंच राजा अफोन्सो सहावा याला भावानं कोंडून ठेवलं होतं, तो 1683 मध्ये तिथंच गेला. अशा गोष्टी सांगणारा कोणी नसेल तर नुसत्या खोल्या बघून बाहेर याल. किंता दा रेगालेइरा नावाचा बागेतला वाडा पण तसाच, तिथली 27 मीटर खोल उलटी विहीर पाण्यासाठी बांधलेलीच नाही, गोल जिना उतरून खालून भुयारातून बाहेर पडायचं. दोन्हीपैकी एकच जमत असेल तर मुलं सोबत असताना रेगालेइरा घ्या. तीनच्या वर ठिकाणं एका दिवसात करू नका, पाय राहत नाहीत.

एक गंमत, गाइडला विचारून बघा. पोर्तुगीजांचा भारतातला व्हाइसरॉय जुआंव द काश्त्रू यानं सोमनाथकडचा एक संस्कृत शिलालेख उचलून सिंत्रातल्या आपल्या पेन्या व्हेर्द नावाच्या वाड्यात नेला. वाडा खासगी आहे त्यामुळे बघायला मिळत नाही. वसई 1739 ला घेतली आपण, पण हा दगड तिकडंच राहिला!

खायचं म्हणाल तर त्राव्हेसेइरू (बदामाचं सारण भरलेली पेस्ट्री) आणि केजादा (चीजचा छोटा गोड केक) फेमस आहेत, पण दोन्हीत अंडं असतं. अंडं न खाणाऱ्यांनी घरून चिवडा-थेपले न्यावेत, बागेत बसायला जागा भरपूर आहे. परतीच्या ट्रेन रात्रीपर्यंत असतात, फक्त संध्याकाळी पाच-सहाला सगळे एकदम खाली उतरतात तेव्हा उभ्यानं यावं लागतं.