घरचं वर्कशॉप: कंबर आणि मनगटं धरायला लावणाऱ्या या चुका टाळा

सुतारकामाचा छंद लागला की लोक आधी अवजारांच्या दुकानात धावतात. ड्रिल, ग्राइंडर, सर्क्युलर सॉ, सगळं एका शनिवारी घरी येतं. टेबल मात्र अडगळीत पडलेलं असतं तेच. दोन महिन्यांनी कंबर धरली की दोष वयाला. वयाचा हात असतो थोडाफार, पण टेबलाच्या उंचीचा जास्त.

जेवणाचं टेबल साधारण 75 सेंटिमीटर उंच असतं, कारण त्याला खुर्ची लावून बसायचं असतं. एका निवृत्त गृहस्थांनी असंच टेबल गॅलरीत लावून चपलांचं कपाट करायला घेतलं. त्यांची स्वतःची उंची 170 सेंटिमीटर. तिसऱ्या दिवशी रंधा मारताना कंबर अशी लचकली की खाली पडलेली पटाशी उचलता येईना. मग कंबरेचा पट्टा आला, मलम आलं, उंच स्टूल आलं. टेबल तेच. महिनाभराने एकदाचं माप घेतलं: ताठ उभं राहून हात खाली सोडल्यावर मनगट जमिनीपासून 84 सेंटिमीटरवर, कोपर 105 वर. टेबल मनगटापेक्षाही 9 सेंटिमीटर खाली! चार पायांखाली 12 सेंटिमीटर उंचीचे लाकडी ठोकळे आले. प्रत्येकात 3 सेंटिमीटर खोल खाच, म्हणजे पाय निसटत नाही आणि टेबल बरोबर 9 सेंटिमीटर वर जातं. पट्टा खुंटीला गेला.

पण मनगटाची उंची ही रंध्यासाठी. तिथे अंगाचं वजन पुढे रेटायचं असतं, म्हणून फळी खाली हवी. आखणी, बारीक करवतकाम आणि स्क्रू पिळणं यासाठी फळी कोपराच्या थोडी खाली लागते, नाहीतर मान तासभर वाकलेलीच राहते. एकाच उंचीवर ही दोन्ही कामं होत नाहीत. 60 बाय 35 सेंटिमीटरचा, 18 सेंटिमीटर उंचीचा एक भक्कम खोका करा आणि लागेल तेव्हा क्लॅम्पने टेबलावर बसवा. कानस चालवायची असेल तर व्हाइसच्या (काम पकडून ठेवणाऱ्या शिकंजाच्या) जबड्याची वरची कड कोपराला हवी. आधी माप, मग टेबल, मग मशीन. हा क्रम उलटा करणाऱ्याला पाठदुखीची तक्रार करायचा हक्क नाही.

दुसरी चूक प्लायवूडची. 8 बाय 4 फुटांच्या 18 मिलिमीटर शीटचं वजन 32 ते 37 किलो भरतं, एमडीएफचं (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डचं) 40 च्या आसपास. वजनापेक्षा त्रास रुंदीचा. शीट अंगाजवळ धरता येत नाही, हात लांब ताणावे लागतात आणि सगळा भार कंबरेवर येतो. जिन्याच्या वळणावर ती पिळली की खांदाही जातो. “दोन मिनिटांचं तर काम” म्हणून एकट्याने उचलू नका. कापायची यादी घेऊन दुकानातल्या पॅनल सॉवर मोठे काप करून घ्या. प्रत्येक कापात पात्याची 3 ते 4 मिलिमीटर जाडी जाते, ती धरून मापं द्या आणि शेवटच्या मापासाठी 5 मिलिमीटर जास्त ठेवा. अख्खी शीट आणावीच लागली तर जाड दोरीचा मोठा फास खालच्या दोन्ही कोपऱ्यांत अडकवा आणि दोरी मधोमध धरा. शीट बगलेला टेकून उभी राहते, बोटं कडेखाली घालावी लागत नाहीत. जमिनीवर उकिडवं बसून कापण्यात गुडघ्यांचा बळी जातो. दोन घोड्या (चार पायांचे लाकडी आधार) करा, त्यांवर आडव्या पट्ट्या टाका आणि पातं प्लायच्या खाली जेमतेम 4-5 मिलिमीटर उतरेल इतकंच सोडा.

विजेचंही तसंच. घरातल्या साध्या एक्स्टेंशनवर 1300 वॉटचा सॉ लावला की लांब, बारीक तारेत विजेचा दाब (व्होल्टेज) कमी होतो, मोटर मंदावते आणि हात नकळत जास्त जोर लावतो. संध्याकाळी खांदा दुखतो तो यामुळे. वेगळा 16 अँपिअरचा पॉइंट, 2.5 स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची तार, नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. गुंडाळलेली केबल वापरताना पूर्ण उलगडा, गुंडाळीतच ती तापते.

बोथट पटाशीने मनगट जातं, लाकडाने नाही. 25 अंशांची धार, 1000 ग्रिटचा दगड, आणि धार उतरायची वाट न बघता अर्ध्या तासाने चामड्यावर दहा हात.

ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं कधीच लावू नका. गार्डही काढू नका. हे दोन्ही शॉर्टकट बोटं घेतात.

आठ नंबरच्या स्क्रूला सागात आधी 3 मिलिमीटरचं भोक पाडा. मोठं भोक पाडताना ड्रिलचा बाजूचा दांडा धराच, कारण बिट अडकली की पिळा थेट मनगटात येतो.

जड मशीन वरच्या फळीवर नको, मांडी ते छाती या पट्ट्यात ठेवा.

फरशीवर अनवाणी तासन्‌तास उभं राहू नका. खाली जाड रबरी मॅट आणि एक पाय आळीपाळीने ठेवायला 12 सेंटिमीटरचा ठोकळा पुरतो.

ग्राइंडर किंवा सँडर सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका. हातात कंपन वाढलं तर आधी डिस्क तपासा. काम थांबवूनही बोटांच्या मुंग्या रात्री झोपमोड करत असतील, तर मशीन बदलू नका, डॉक्टरांना हात दाखवा.