धडधडीच्या गोळ्या घरी आल्यावर

पंचवटी कारंज्याजवळ माझं मेडिकल आहे. काउंटरवर उभी राहून बावीस वर्षं झाली. हृदयाचे ठोके वेगात पडतात म्हणून गोळ्या नेणाऱ्यांना मी जे तोंडी सांगते, तेच इथे लिहिते. डोस डॉक्टरच ठरवतील.

आधी कोणती गोळी कशासाठी, ते समजून घ्या. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन वेग उतरवतात. अमिओडारोन बिघडलेला ताल जागेवर ठेवते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरतात त्या आजारात, बऱ्याच जणांना रक्त पातळ करायची गोळीही असते: वॉरफेरिन, ॲसेनोकुमॅरॉल किंवा अपिक्साबान. तिनं धडधड कमी होत नाही, म्हणून लोक नेमकी तीच सोडतात. सोडू नका हो. हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर लकवा होतो. ही गोळी त्यासाठी आहे.

सकाळी गोळीआधी नाडी मोजा. पाच मिनिटं शांत बसा, अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दोन बोटं ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं, तर अनियमित ठोक्यांत हिशेब चुकतो. आकडा कॅलेंडरच्या चौकोनात लिहा. किती खाली आला की गोळीआधी फोन करायचा, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. बरेच जण ५० किंवा ६० सांगतात. डिगॉक्सिन चालू असताना मळमळलं, जेवण नकोसं झालं, पिवळसर दिसू लागलं तर त्याच दिवशी दाखवा.

मखमलाबादचे एक आजोबा, स्वतःची द्राक्षबाग, ऐन हंगामात दुकानात हिरमुसून उभे होते. अमिओडारोन सुरू झाली आणि मुलीनं मोबाईलवर वाचून द्राक्षं बंद केली. तिनं वाचलं होतं ग्रेपफ्रूट! ते पपनसाच्या जातीचं आंबट फळ. त्यानं अमिओडारोनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. द्राक्षांचा त्याच्याशी संबंध नाही. मधुमेह नव्हता, म्हणून म्हटलं, खुशाल खा. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. अमिओडारोनवाल्यांनी उन्हात अंग झाकावं, थायरॉइड आणि लिव्हरची तपासणी साधारण सहा महिन्यांनी करावी.

वॉरफेरिन, ॲसेनोकुमॅरॉलवाल्यांनी मेथी-पालक सोडायची गरज नाही, फक्त प्रमाण एकसारखं ठेवा. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय हे सांगणारा तपासणीचा आकडा, बहुतेकांचा २ ते ३ मध्ये ठेवतात. गुडघा दुखला म्हणून डायक्लोफिनॅक मनानं घेऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो.

मेटोप्रोलॉल एकदम बंद करू नका, ठोके उसळतात. गावाला जाताना चार दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या घ्या. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर येऊन पडलात, तर नाडी मोजत बसू नका, १०८ लावा.

आणि साधी सर्दीची गोळी मागायला आलात, तरी आधी आपली चिठ्ठी दाखवा. नाक मोकळं करणाऱ्या औषधानंही धडधड वाढू शकते.