नववा लागला: ३६व्या आठवड्याच्या तपासणीत डॉक्टरांशी बाळंतपणाचं कसं बोलावं

माझ्या वेळी मी चार पानी टिपण घेऊन गेले होते. बाहेर वीस-पंचवीस जणी ताटकळत बसलेल्या. मॅडमनी बीपी घेतला, सोनोग्राफी चाळली, 'छान आहे सगळं' म्हणाल्या आणि मी टिपणासकट बाहेर. धाकट्या बहिणीला मग एका चिठ्ठीवर सातच ओळी लिहायला लावल्या. सातही उत्तरं मिळाली.

आधी वेळ आणि फाईल

साधारण ३६व्या आठवड्यापासून तपासणी दर आठवड्याला असते. बाळ बहुधा डोकं खाली करून बसलेलं असतं, त्यामुळे डिलिव्हरीचं बोलणं नेमकं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असेल तर मात्र ३४व्या आठवड्याच्या सुमारालाच निघा. नव्या डॉक्टरांनी कळांच्या आधी तुम्हाला निदान दोनदा तरी तपासलेलं असावं. डोहाळेजेवणाची तारीख त्याप्रमाणे धरा. उलटं करू नका.

फाईलमध्ये रक्तगट, एचआयव्ही, कावीळ बी, साखर आणि थायरॉइडचे रिपोर्ट, सगळ्या सोनोग्राफी, धनुर्वाताची इंजेक्शनं, चालू गोळ्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड हवं. सगळ्याचे फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या फोनमध्येही ठेवा.

तपासणी होऊ द्या, मग चिठ्ठी काढा

वजन, बीपी, लघवीतलं प्रोटीन, पोटावरून बाळाची वाढ आणि ठोके एवढं होईपर्यंत गप्प बसा. मग तीन गोष्टी विचारा. बाळाचं डोकं खाली आहे का? पायाळू असेल तर बाहेरून हातानं वळवता येईल का? हिमोग्लोबिन किती? ते ११च्या खाली असेल तर अजून हातात थोडे आठवडे आहेत, गोळ्या पुरतील की शिरेतून लोह द्यावं लागेल हे आजच ठरू दे. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं. ते तिथे मिळतं का, हेही विचारून घ्या.

प्रश्नाचा सूर

'मला टाके नकोत' म्हटलं की डॉक्टरांना गूगल बोलतंय असं वाटतं. 'तुमच्याकडे साधारण कसं करता?' असं विचारलं की त्या मोकळ्या होतात. बहिणीच्या चिठ्ठीवर हे होतं:

- कळा सुरू असताना आई किंवा नवरा जवळ थांबू शकतो का?
- चालता-फिरता, कुशीवर वळता येईल का?
- खालचा छेद सगळ्यांनाच देता की गरज पडली तरच?
- कळांच्या वेदना कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन घ्यायचं ठरलं तर रात्री भूलतज्ज्ञ येतात का?
- नाळ जरा थांबून कापाल का?
- बाळ लगेच माझ्या छातीवर द्याल का?
- रात्री तुम्ही स्वतः येता की दुसरं कोणी?

हे लाड नव्हेत. सोबतीला आपलं माणूस असावं, सरसकट छेद देऊ नये, नाळ किमान एक मिनिट थांबून कापावी, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. सरकारी रुग्णालयांसाठीच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही (२०१७) प्रसूतीच्या वेळी सोबतीचा आग्रह आहे.

घरच्यांशी बोलायची एक ओळ वेगळी लिहा: पहिल्या तासात चिकाचं दूध पाजायचं; मध-गुटी काही द्यायचं नाही. हे डॉक्टरांच्या तोंडून सासूबाईंसमोर वदवून घ्या. आपण सांगितलं की वाद होतो, मॅडमनी सांगितलं की नियम होतो.

सिझेरियनचं बोलणं टाळू नका

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभर खासगी रुग्णालयांतल्या सुमारे ४७ टक्के प्रसूती सिझेरियननं झाल्या होत्या, सरकारीत १४ टक्के. यावरून लगेच डॉक्टरांवर संशय घेऊ नका, पण 'माझ्या बाबतीत कोणत्या कारणानं सिझर ठरेल?' हे आजच विचारा. वार (प्लासेंटा) खाली असणं किंवा बाळाचे ठोके घसरणं ही खरी कारणं आहेत. रिपोर्टमधला 'गळ्याला नाळेचा वेढा' हा शब्द वाचून मात्र अख्खं घर हादरतं. असा वेढा कितीतरी बाळांना असतो आणि तेवढ्यावरून सिझर लागत नाही. ठोक्यांवर लक्ष ठेवायचं असतं. आणि मुहूर्त पाहून सिझरची तारीख मागणाऱ्या काका-आत्यांना ओपीडीच्या बाहेरच बसवा.

खासगीत पॅकेजमध्ये बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवण्याचा खर्च धरलाय का, तेही विचारा. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त आणि ने-आण मोफत असते.

निघण्याआधी

'लगेच कधी यायचं?' हे शेवटी विचारा आणि उत्तर लिहून घ्या. रक्त जाणं, पाणी जाणं (ते हिरवट असेल तर अजिबात वेळ न घालवता), सणकून डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, फिट, यांपैकी काहीही झालं तर कळांची वाट पाहायची नाही. बाळाची हालचाल रोज जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून मोजा. दोन तासांत दहा भरल्या नाहीत किंवा नेहमीपेक्षा मंद वाटलं तर त्याच रात्री जा. 'सकाळी बघू' म्हणू नका.

आणि जाता जाता सिस्टरना विचारा, रात्री दोन वाजता कोणतं गेट उघडं असतं. आम्ही तेवढंच विचारायचं विसरलो होतो. कळा येत असलेल्या बहिणीला घेऊन बंद शटरसमोर दहा मिनिटं उभे होतो, वॉचमन मागच्या दाराशी झोपलेला.